७९५ डॉलरचं रिझर्व्ह, ९५ चं प्रिफर्ड की व्हेंचर एक्स: फी नेमकी कुणाची वसूल होते?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि वर्षाकाठी एकदा भारतवारी, बाकी वर्षात एखाददुसरी ट्रिप असा कारभार असलेल्या घराला चेस बँकेचं सफायर रिझर्व्ह हे क्रेडिट कार्ड घ्यावं का असं विचाराल तर माझं उत्तर बहुतेक वेळा नको असंच येतं. पैसे नाहीत म्हणून नाही, हिशोब जमत नाही म्हणून. पण काही घरांत तो अगदी झकास जमतो, आणि आपण कुठल्या घरातले हे ठरवायला तासभर कागद-पेन घेऊन बसलं तरी पुरतं, त्यामुळे तेवढं बसा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. ऑफिसमधला जो मित्र रिझर्व्हचं तोंडभरून कौतुक करतो तो बऱ्याचदा जुन्या कार्डाचं कौतुक करत असतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हे कार्ड आलं तेव्हा वर्षाची फी ४५० डॉलर होती, नवीन ग्राहकाला बोनस चक्क १ लाख पॉइंट, आणि चेस ट्रॅव्हल या चेसच्या बुकिंग पोर्टलवर प्रत्येक पॉइंटला दीड सेंट भाव ठरलेला. लोक इतके तुटून पडले की या कार्डामुळे त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचा नफा २० ते ३० कोटी डॉलरने कमी होईल असं चेसची मालक असलेल्या जेपी मॉर्गनचे प्रमुख जेमी डायमन यांनी स्वतः सांगितलं होतं. म्हणजे बँक खिशातून वाटत होती आणि घेणारे घेत होते. २०२० मध्ये फी ५५० झाली आणि जून २०२५ मध्ये थेट ७९५. नवीन घेणाऱ्याला तो सरसकट दीड सेंटचा भावही राहिला नाही, त्याजागी पॉइंट्स बूस्ट आलं, म्हणजे निवडक हॉटेल आणि फ्लाइटवर दोन सेंटपर्यंत आणि बाकी सगळीकडे एकच सेंट. नाव तेच आहे, धातूचं वजनदार कार्डही तेच आहे, पण सौदा वेगळा आहे.

आता समोरासमोर ठेवू. रिझर्व्हच्या ७९५ मधले ३०० ट्रॅव्हल क्रेडिट म्हणून परत येतात आणि हे क्रेडिट खरंच चांगलं आहे, कारण काही करावं लागत नाही, विमान, हॉटेल, ट्रेन, टोल, पार्किंग जे काही ट्रॅव्हलमध्ये मोडतं ते स्वाइप केलं की आपोआप स्टेटमेंटला उलटी एंट्री पडते. म्हणजे खरी फी ४९५ धरा. चेसचंच धाकटं कार्ड सफायर प्रिफर्ड, त्याची फी ९५, त्यात चेस ट्रॅव्हलवरून हॉटेल बुक केलं तर ५० चं क्रेडिट, वापरलंत तर ४५ उरली. सरळ बोलायचं तर फरक ४०० ते ४५० डॉलरचा, आणि तुमचा प्रश्न "७९५ वसूल होतात का" हा नाहीच्चे, प्रश्न आहे की प्रिफर्ड हातात असताना हे वरचे ४०० देऊन जास्तीचं काय मिळतं.

जास्तीचं म्हणजे मुख्यतः कुपनं. द एडिट नावाच्या निवडक हॉटेलांसाठी ५०० (२५० च्या दोन हप्त्यांत, किमान दोन रात्री, पैसे आधी भरून), ठराविक रेस्टॉरंटसाठी ३००, स्टबहब या कार्यक्रमांची तिकिटं विकणाऱ्या साइटसाठी ३००, लिफ्टचे (उबरसारखी टॅक्सी) महिन्याला १० म्हणजे वर्षाला १२०, पेलोटनचे, अॅपल टीव्ही आणि अॅपल म्युझिक, असं करत करत बँक बेरीज हजारांच्या पुढे नेऊन दाखवते. त्यातली रेस्टॉरंटची आणि स्टबहबची क्रेडिटं सहा-सहा महिन्यांत १५०-१५० अशी चिरलेली आहेत आणि लिफ्टचं तर महिन्याला, हे उगाच केलेलं नाही, जेवढे तुकडे जास्त तेवढे विसरणारे जास्त आणि विसरलेलं क्रेडिट म्हणजे बँकेची बचत. आहेरात आलेली साडी आपण काही दुकानातल्या किमतीला धरत नाही, तसंच इथेही करायचं. माझा नियम असा आहे की ज्या गोष्टीला मी आत्ता या महिन्यात खिशातून पैसे देतोय तिचं क्रेडिट पूर्ण धरायचं, जी कदाचित वापरेन पण त्यासाठी सवय बदलावी लागेल ती अर्धी, आणि जिच्यासाठी कारण शोधावं लागेल ती शून्य. पेलोटनची सायकल घरात नसेल तर तिथे शून्य, त्यात चर्चा नको.

या नियमाने दोन घरं बघा. पहिलं घर मोठ्या शहरात, अॅपल म्युझिकचे पैसे आधीपासून भरतंय (वर्षाचे साधारण १३०, पूर्ण धरा), यादीतल्या रेस्टॉरंटपैकी दोन-तीन जवळ आहेत म्हणून ३०० चे अर्धे १५०, लिफ्टचे अर्धे ६०. ४९५ मधून हे ३४० गेले, उरले १५५. प्रिफर्डच्या ९५ शी तुलना करा, फरक ६० वर आला, आणि ६० डॉलरला वर्षभर एअरपोर्टचे लाउंज कोण नाही म्हणेल. दुसरं घर उपनगरात, गाणी यूट्यूबवर, दोन गाड्या दारात असल्यामुळे लिफ्ट कधी लागत नाही, त्या यादीतलं जवळचं रेस्टॉरंट तासाभराच्या अंतरावर. यांची खरी फी ४९५ ची ४९५. कार्ड एकच, पण एकाला ते दीडशेला पडतं आणि दुसऱ्याला पाचशेला, म्हणून "घे रे, मस्त आहे" या सल्ल्याला काही अर्थ नसतो.

पॉइंटांचं बघू, कारण इथे आपल्या लोकांची एक खास गंमत आहे. रिझर्व्हवर एअरलाइनकडून किंवा हॉटेलकडून थेट बुक केलं तर डॉलरला ४ पॉइंट, प्रिफर्डवर २. चौघांची भारताची तिकिटं ६००० डॉलरची धरली तर रिझर्व्हवर २४००० आणि प्रिफर्डवर १२०००, फरक १२००० पॉइंट म्हणजे अगदी कमीत कमी भावाने १२० डॉलर. चांगलं आहे. पण आपल्यातले किती जण एअरलाइनच्या साइटवरून घेतात? निम्मे लोक अजूनही नेहमीच्या देशी एजंटला फोन करतात कारण तो तिकिटामागे शंभर-दोनशे कमी करतो, आणि एजंटकडून घेतलेलं तिकीट हे थेट बुकिंग धरलं जात नाही. जून २०२५ च्या बदलानंतर रिझर्व्हवर असल्या बाकीच्या ट्रॅव्हल खर्चाला फक्त १ पॉइंट आहे आणि प्रिफर्डवर मात्र २, म्हणजे त्याच ६००० वर रिझर्व्ह ६००० पॉइंट देतं आणि ९५ डॉलरवालं कार्ड १२०००. उलटं झालं की नाही! एअरबीएनबी, ट्रेन, टोल यांचंही तेच. बाहेर जेवणावर दोन्हीकडे ३, आणि ऑनलाइन किराणा व स्ट्रीमिंगवर प्रिफर्ड ३ देतं जे रिझर्व्ह देत नाही.

शिवाय पॉइंट जमल्यावर ते पाठवायचे कुठे, तर एअरलाइन आणि हॉटेलांच्या पॉइंट योजनांत, म्हणजे युनायटेड, फ्लाइंग ब्लू (एअर फ्रान्स-केएलएमची), हयात वगैरे, आणि ही पार्टनरांची यादी दोन्ही कार्डांना सारखीच आहे, भावही सारखा, एकास एक. म्हणजे पॉइंटांची खरी मजा जी असते, म्हणजे हयातमध्ये रात्री काढा किंवा बिझनेस क्लासची सीट पकडा, ती ९५ डॉलरमध्येही पूर्ण मिळते. जोडीला बिनफीचं फ्रीडम अनलिमिटेड ठेवलं तर इतर सगळ्या खर्चावर दीड पॉइंट मिळतो आणि ते पॉइंट प्रिफर्डमध्ये ओतता येतात. माझ्या मते बहुतेक मराठी घरांना ही जोडी पुरून उरते.

आणि पार्टनरकडे पाठवण्याची कटकट नकोच असेल, पॉइंटांवरची सीट कधी उघडते बघत बसायला वेळ नाही, सरळ पैसे हवेत, तर मग प्रिफर्डसुद्धा कशाला? २ टक्के कॅशबॅक देणारं बिनफीचं कार्ड घ्या. त्याच ६००० च्या तिकिटांवर तिथे १२० डॉलर रोख येतात आणि प्रिफर्डचे १२००० पॉइंट एका सेंटने १२० च होतात, वर ९५ फी वाचली. फक्त एक बघायचं, सिटी डबल कॅश किंवा वेल्स फार्गो अॅक्टिव्ह कॅश असली कार्डं भारतात स्वाइप केली की ३ टक्के फॉरेन ट्रान्झॅक्शन फी लागते आणि कमावलेले २ टक्के गेलेच वर आणखी एक गेला. तिकडच्या खरेदीसाठी ही फी नसलेलं एखादं कार्ड पाकिटात हवंच, पण त्यासाठी प्रीमियम कार्ड लागत नाही, कॅपिटल वन बँकेच्या बिनफीच्या कार्डांवरही ती नसते. आणि तिकडे दुकानदाराच्या मशीनवर डॉलरमध्ये घेऊ का रुपयांत असा पर्याय आला की रुपयेच दाबा, डॉलर दाबलेत तर रेट तो मशीनवाला लावतो आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

लाउंजबद्दल लोक फार हळवे होतात. रिझर्व्हवर प्रायॉरिटी पास (जगभरच्या अनेक लाउंजमध्ये चालणारा पास) आणि बॉस्टन, लग्वार्डिया, फिलाडेल्फिया अशा ठिकाणचे चेसचे स्वतःचे लाउंज मिळतात, सोबत दोघांना फुकट नेता येतं. म्हणजे तुम्ही, बायको किंवा नवरा, आणि एक मूल. दुसरं मूल? त्याचे वेगळे पैसे, किंवा जोडीदाराला १९५ डॉलरचं अॅड-ऑन कार्ड, प्रिफर्डवर ते फुकट असतं पण त्याला लाउंजही नसतो. शिवाय गर्दी. दारातल्या ताईंनी नंबर लिहून घेतला की टेक्स्ट येईपर्यंत बाहेर बॅगांवर बसायचं, आणि आत गेल्यावर बोर्डिंगला चाळीस मिनिटं उरलेली. गर्दी झाली म्हणून सगळेच हात आखडता घेतायत, अमेरिकन एक्सप्रेसने (अॅमेक्स) आपल्या सेंच्युरियन लाउंजमध्ये पाहुणे फुकट नेणं फेब्रुवारी २०२३ पासून बंद केलं (वर्षाला ७५००० डॉलर खर्च असेल तरच फुकट), आणि जुलै २०२४ पासून रिझर्व्हच्या प्रायॉरिटी पासवर एअरपोर्टमधल्या रेस्टॉरंटमध्ये जेवण मिळायचं तेही गेलं. लाउंजची किंमत मी अशी धरतो की तिथे नसतो तर एअरपोर्टवर खाण्यापिण्यावर किती गेले असते, बस तेवढीच. वर्षात भारताची एक ट्रिप असेल तर चौघांचे जाता-येता दीडशे-दोनशे होतील फार तर. कामासाठी महिन्यातून दोनदा उडत असाल तर गोष्ट वेगळी, तिकीट कंपनीचं आणि पॉइंट तुमचे, त्या माणसाने रिझर्व्ह घ्यावंच.

इन्शुरन्सबद्दल मात्र कुणी बोलत नाही आणि तिथेच रिझर्व्ह खरं वरचढ आहे. फ्लाइट लेट झाली तर हॉटेल-जेवणाचे तिकिटामागे ५०० डॉलरपर्यंत दोन्ही कार्डं देतात, पण रिझर्व्हवर ६ तासांनी आणि प्रिफर्डवर १२ तासांनी (किंवा रात्र काढावी लागली तर). मधल्या एअरपोर्टवर कनेक्शन चुकलं की सात-आठ तास तर सहज जातात. क्लेमसाठी एअरलाइनकडून उशिराचं कारण लिहून घ्या, प्रत्येक पावती ठेवा, नुसता कार्डचा चार्ज दाखवून भागत नाही, काय खाल्लं ते लिहिलेली पावती लागते. आणीबाणीत पेशंटला हलवायचा खर्चही रिझर्व्हमध्ये कव्हर आहे, प्रिफर्डमध्ये नाही. मात्र आईबाबा इकडे येणार असतील तर त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा काढावाच लागतो, कुठलंही कार्ड तिथे कामाचं नाही. भाड्याच्या गाडीचं प्रायमरी कव्हर (म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या इन्शुरन्सआधी हेच पैसे देतं) दोन्हीकडे आहे.

आता कॅपिटल वनचं व्हेंचर एक्स, कारण आकड्यांत सगळ्यात सोपं हेच आहे. फी ३९५, कॅपिटल वनच्या पोर्टलवर ३०० चं क्रेडिट, आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्यापासून दरवर्षी १०००० माइल्स (त्यांचे पॉइंट), ट्रॅव्हलसाठी वापरले तर १०० डॉलर. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून फी वजा पाच! वर सगळ्या खर्चावर २ माइल, कॅटेगरी लक्षात ठेवायची भानगड नाही, एजंटकडून तिकीट घेतलं तरी २ च. अडचण एवढीच की ते ३०० पोर्टलवरच वापरायचे, तिथे तेच तिकीट ४० डॉलरनी महाग असेल तर तुमचं क्रेडिट २६० चं झालं, आणि पोर्टलवरचं तिकीट बदलायचं तर एअरलाइन म्हणते पोर्टलवाल्यांना विचारा. पार्टनरांत एरोप्लॅन (एअर कॅनडाची योजना), फ्लाइंग ब्लू, टर्किश आहेत पण युनायटेड आणि हयात नाहीत. लाउंज आहे, पण फेब्रुवारी २०२६ पासून पाहुण्यांना पैसे आणि जोडीदाराच्या कार्डाला लाउंज हवा असेल तर १२५, त्यामुळे कुटुंबासाठी आधी जे सोनं होतं ते आता तसं राहिलं नाही. तरीही लाउंज हवाच असेल आणि कुपनं सांभाळायची नसतील तर रिझर्व्हच्या आधी याचाच विचार करा.

अॅमेक्स प्लॅटिनमवर फार लिहीत नाही. सप्टेंबर २०२५ पासून फी ८९५, आणि उबरचे दरमहा १५ (डिसेंबरात २० जास्त), रेस्टॉरंटचे तिमाहीला १००, हॉटेलचे सहामाहीला ३००. ज्याला एक्सेल शीट ठेवायला आवडते त्याच्यासाठी हे कार्ड उत्तम आहे, मी खोचकपणे बोलत नाहीये, खरंच अशी माणसं फीच्या दुप्पट काढतात. बाकीच्यांनी नादी लागू नये.

दर महिन्याला पूर्ण बिल भरत नसाल तर मात्र वरचं सगळं सोडून द्या, या कार्डांचं व्याज वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतं आणि दोन-तीन महिने बाकी राहिली की वर्षभराचे पॉइंट त्यातच गेले.

घ्यायचं ठरलंच तर कधी घ्यायचं हेही बघा. रिझर्व्हचे ३०० ट्रॅव्हलचे तुमच्या कार्डाच्या वर्षाप्रमाणे चालतात पण रेस्टॉरंट, स्टबहब ही क्रेडिटं कॅलेंडरप्रमाणे, त्यामुळे ऑक्टोबरात कार्ड काढलं तर एकाच फीमध्ये तीन सहामाह्यांची कुपनं हाती येतात. पहिल्या वर्षी साइन-अप बोनस असतो म्हणून फी आपसूक वसूल होतेच, पहिल्या वर्षावरून काही ठरवू नका. दुसऱ्या वर्षाची फी स्टेटमेंटला दिसली की गेल्या बारा महिन्यांत खरंच किती क्रेडिटं वापरली तेवढी बेरीज करा, आणि जमत नसेल तर बंद न करता चेसला मेसेज टाकून तेच अकाउंट प्रिफर्डवर किंवा फ्रीडमवर उतरवून घ्या, अकाउंटचं वय टिकतं. फक्त फ्रीडमवर उतरवणार असाल आणि दुसरं सफायर नसेल तर पॉइंट आधी हयात-युनायटेडला पाठवून मोकळे व्हा, कारण नुसत्या फ्रीडमवरून ते पार्टनरकडे जात नाहीत.