चित्रकलेचा तास: फळ्यावरचे चित्र की मुलांची निवड?

साताऱ्यातील आमच्या चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा किल्ल्याचा डोंगर समोर दिसतो. त्याचा माथा सपाट आहे आणि वर दूरदर्शनचा मनोरा आहे. तरीही ‘डोंगर काढा’ म्हटले की पाचवीतील बहुतेक मुले दोन त्रिकोण, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आणि कडेला नारळाचे झाड काढतात. फळ्यावरचे चित्र उतरवून घेण्याच्या पद्धतीचा हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात हात तयार होतो पण पाहणे मागे पडते.

मात्र ती पद्धत टिकून आहे, यालाही कारणे आहेत. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि साहित्य म्हणून केवळ वही-पेन्सिल असेल, तर प्रत्येकाच्या हातून काहीतरी पूर्ण करून घेण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग असतो. शिवाय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील भूमिती व अक्षरलेखन पायरीपायरीने दाखवल्याशिवाय जमत नाही, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने पालकांचे लक्षही तिकडेच असते.

याउलट, काय काढायचे हे मुलांनी ठरवण्याची विद्यार्थीकेंद्री पद्धत म्हणजे मुलांना मोकळे सोडणे, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. अमेरिकेतील ‘टीचिंग फॉर आर्टिस्टिक बिहेविअर’ या पद्धतीत विषय आणि माध्यम मूल निवडते, परंतु शिक्षक तासाच्या आरंभी एखादे तंत्र थोडक्यात दाखवतो आणि रेखांकन, रंग, माती, कोलाज असे कोपरे एकेक करून उघडतो. साहित्य काढणे आणि जागेवर ठेवणे हेही शिकवावे लागते. आमच्याकडे शेवटची सात मिनिटे ब्रश धुण्यातच जातात.

गेल्या वर्षी सहावीतील एका मुलीने घरच्या गुऱ्हाळातील काहील (उसाचा रस उकळण्याची मोठी कढई) हा विषय निवडला आणि चित्रकलेच्या सलग तीन तासिकांना तेच काढले. काहिलीचे तोंड दर वेळी दोन्ही टोकांना टोकदार होई. शेवटी ती स्वतःच वही घेऊन आली. तेव्हा मी फळ्यावर लंबवर्तुळ काढून त्याच्या कडा कशा वळतात ते दाखवले, आणि एरवी आठवीत वस्तुचित्र शिकवताना महिनाभर सांगावी लागणारी गोष्ट तिला पाच मिनिटांत उमगली. दाखवणे दोन्ही पद्धतींत असते, फक्त ते केव्हा येते यात फरक आहे.

मुलांच्या निवडीच्या पद्धतीची अडचणही खरी आहे. काही मुले आठवडेच्या आठवडे “बाई, काय काढू?” एवढेच विचारतात, ज्यांच्या घरी रंग नाहीत त्यांना शाळेचे साहित्य पुरवावे लागते आणि वह्या तपासायला दुप्पट वेळ लागतो. (औंधच्या श्री भवानी चित्रसंग्रहालयाची सहल मात्र मला रंग-साहित्याशिवायचा धडा वाटते, कारण कोणत्या चित्रासमोर थांबायचे हे तिथे मुलांवर सोडता येते.)

निर्णय घ्यायचा असेल तर पाचवी ते सातवीसाठी मी निःसंकोचपणे मुलांची निवड सुचवेन. मात्र मोठ्या वर्गात आरंभी दोनच कोपरे उघडावेत आणि मातीचा कोपरा दिवाळीनंतर सुरू करावा. आठवीपासून भूमिती व अक्षरलेखन फळ्यावरच शिकवावे. स्मरणचित्राचा, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचा, विषय जरी परीक्षेत दिलेला असला, तरी सरावाला बाजार, एसटी स्टँड, ऊसतोड असे मुलांनी पाहिलेले प्रसंग त्यांनाच निवडू द्यावेत.