फाशी मागावी की मरेपर्यंत कैद? निवेदनावर सही करण्याआधी

गेल्या महिन्यात एक मामा साताऱ्यात कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात आले. गाव कोरेगाव बाजूचं, त्याहून जास्त सांगत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता, जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन. 'नराधमाला फाशी झालीच पाहिजे' अशी ठळक ओळ, खाली दीडशेवर सह्या, शेवटच्या पानावर जांभळ्या शाईचे अंगठे. सगळ्यात वरची जागा मात्र रिकामी. ती गावानं मामांसाठी ठेवली होती, कारण गेलेली मुलगी त्यांची भाची.

"वकीलसाहेब, सगळ्या गावानं सह्या केल्यात. माझी झाली की कागद पुढं जाणार. पण माझा हात उठंना. फाशी मागणं बरोबर आहे का, एवढं सांगा."

मी २२ वर्षं फौजदारी खटले चालवतोय, कधी फिर्यादीच्या बाजूनं, कधी आरोपीच्या. या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणं मला जमलं नाही. फुलस्केप कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे फाशी लिहिलं, उजवीकडे कैद. दोन तास आम्ही तो कागद भरत होतो. असं निवेदन आज ना उद्या कुणाच्याही पुढ्यात येतं, म्हणून ते सगळं इथे मांडतो.

चौदा वर्षांचा गैरसमज

मामांनी आधी उजव्या बाजूलाच हरकत घेतली. "कैद म्हणजे चौदा वर्षं. मग हा पुन्हा गावात मिशा पिळत फिरणार." पारावर, एसटीत, कोर्टाच्या आवारातसुद्धा हेच ऐकू येतं. पण तसं नाही. खुनाला शिक्षा दोनच, मृत्युदंड किंवा जन्मठेप. आधी ते दंड संहितेच्या कलम ३०२ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. जन्मठेप याचा कायद्यातला अर्थ मरेपर्यंत कैद. १४ चा आकडा १९७८ च्या दुरुस्तीतून आला. अशा कैद्याला १४ वर्षं तुरुंगात काढण्याआधी सरकारला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही, एवढंच ती सांगते. १४ झाली की सोडा, असं ती कुठेही म्हणत नाही.

तरी मामांची भीती खोटी नव्हती. बिल्किस बानो प्रकरणातले ११ जन्मठेपेचे कैदी १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारनं सोडले होते. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे सूट द्यायचा अधिकार गुजरातचा नाहीच, असं सांगून सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२४ ला तो निर्णय रद्द केला आणि त्यांना परत तुरुंगात जावं लागलं. पण सरकारच्या मनात आलं तर काय होतं, ते देशानं पाहिलं.

म्हणून मधली एक वाट महत्त्वाची आहे. २००८ साली स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशीऐवजी मरेपर्यंत, शिक्षेत सूट न देता कैद दिली. २०१५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ही वाट बहुमतानं कायम केली, पण खुनाच्या खटल्यात अशी शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं, असंही बजावलं. आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांच्या हातात ती नाही. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा दयेचा अधिकारही त्यानं संपत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. फक्त आपण तुलना कशाची करतोय ते नीट कळलं पाहिजे. फाशीसमोर सुटका नाही ठेवायची. फाशीसमोर सूट नसलेली कैद ठेवायची.

निकालाच्या दिवसानंतर

सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, न्यायाधीशांनी पेनचं निब मोडलं, बाहेर गुलाल उधळला. गावाला वाटतं, संपलं. खरं तर तिथून सुरू होतं. उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय फाशी अमलात येत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सातारा-सांगलीकरांची मुंबईची फेरी वाचली, पण पायऱ्या तेवढ्याच राहिल्या. पुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, राज्यपाल, राष्ट्रपती.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. लहान मुलं पळवून त्यांचे खून करणाऱ्या गावित बहिणींना १९९६ मध्ये पकडलं. कोल्हापूरच्या न्यायालयानं २००१ मध्ये फाशी दिली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं जवळजवळ आठ वर्षं घालवली होती. पुण्यातल्या २००७ च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खटल्यातही असंच झालं. दिरंगाईमुळे २०१९ मध्ये दोघांची फाशी ३५ वर्षांच्या कैदेवर आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. गावित बहिणींनी मारलेल्या त्या मुलांच्या आईवडिलांचा विचार करा. २५ वर्षं प्रत्येक तारखेला जखमेवरची खपली निघते, आणि शेवटी हातात पडते ती जन्मठेपच, जी पहिल्याच दिवशी मिळू शकली असती.

डाव्या बाजूलाही लिहायला होतंच. कसाबला चार वर्षांच्या आत, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. दिल्लीच्या निर्भया प्रकरणातल्या चौघांना २० मार्च २०२० ला. म्हणजे होत नाही असं नाही. पण त्या चौघांनंतर देशात कुणाला फाशी झालेली नाही, आणि २०२३ च्या अखेरीस फाशीची शिक्षा झालेले ५६१ कैदी तुरुंगांत होते. खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकतात त्या साधारण ५ टक्के, असं दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं. खालच्या कोर्टांनी फाशी सुनावलेल्यांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास लोक तर पुढे निर्दोष सुटले होते.

मामा इथे थांबले. "निर्दोष? फाशी झालेले?"

चूक झाली तर

२००३ मध्ये नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला. खून झाले, बलात्कार झाला. ऐकतानाच अंगावर काटा येतो. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. देशातलं सगळ्यात मोठं न्यायालय, आणखी काय पाहिजे?

आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या जखमी बाईनं आधी पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच चार माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही, आणि ही गोष्ट खटल्यात पुढे येऊ दिली नाही. सहा जणांची १६ वर्षं गेली. एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई मिळाली. मुळात ज्यांनी तो गुन्हा केला, त्यांचं काय झालं?

या एका खटल्यावर मी मामांशी सगळ्यात जास्त बोललो. पंचनाम्यावर सह्या करणारे पंच कसे येतात, कोऱ्या कागदावर सही कशी होते, ओळखपरेडीआधी आरोपी साक्षीदाराला कसा दिसतो, हे मी रोज पाहतो. प्रकरणाचा गवगवा जेवढा जास्त, तेवढा तपास अधिकाऱ्यावर 'कुणाला तरी पकडा' म्हणून दबाव जास्त. म्हणजे ज्या खटल्यात गाव फाशी मागतं, नेमक्या त्याच खटल्यात चूक व्हायची शक्यता वाढते. त्या सहा जणांना २०१० मध्ये लटकवलं असतं तर २०१९ च्या निकालपत्राचा कुणाला काय उपयोग होता? चुकीच्या माणसाला झालेली कैद अर्धवट का होईना, परत फिरवता येते.

आणि दोर कुणाच्या गळ्यात पडतो? त्याच अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. नशिबाचा भागही मोठा. १९८२ च्या हरबन्स सिंग प्रकरणात एकाच गुन्ह्यात तिघांना सारखीच फाशीची शिक्षा झाली होती. एकाची न्यायालयानं जन्मठेप केली, दुसऱ्याला ६ ऑक्टोबर १९८१ ला फाशी झाली, तिसऱ्यानं अर्ज केला म्हणून त्याची फाशी थांबली आणि पहिल्याला दिलेली सवलत ध्यानात आली.

साताऱ्याच्या मातीत दोन्ही बाजू

आपल्याकडे या वादाची मुळं खोल आहेत. संगम माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे सगळ्यांना माहीत आहेत. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि राघोबादादांना रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, अशी परंपरा आहे. फाशीच्या बाजूचा माणूस हे नाव अभिमानानं घेतो, आणि घ्यावंही. पण त्यांनी ते सत्तेवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर सांगितलं होतं. आजचे फाशीचे कैदी कोण आहेत ते वर आलंच आहे.

आणि त्याच साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चार भिंती हे स्मारक आहे. रंगो बापूजींच्या कटात पकडलेल्या १७ जणांना इंग्रजांनी ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर मारलं. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. फासावर गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. त्या दिवशीच्या कायद्याच्या लेखी हे सगळे गुन्हेगार होते. मी शाळेत असताना गुरुजी तिथली नावं मोठ्यानं वाचायला लावायचे. प्राण घ्यायचा अधिकार सरकारला द्यायचा तर सरकार कुणाचंही येऊ शकतं, हे साताऱ्याच्या माणसाला वेगळं शिकवावं लागू नये.

तिसरं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. ७ नोव्हेंबर १९०० ला ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, आज तिथे प्रतापसिंह हायस्कूल आहे. ३ जून १९४९ ला घटना समितीत फाशीच्या शिक्षेविरुद्धच्या अपिलांवर बोलताना त्यांनी सांगितलं होतं की, त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. हा देश अहिंसेचं तत्त्व मानतो, लोक ते तंतोतंत पाळत नसले तरी, हे त्यांचं कारण होतं.

पुढे कायदाही त्या दिशेनं सरकला. १९५५ पर्यंत खुनाला फाशी न देण्याची कारणं न्यायाधीशांना लिहावी लागत. १९७३ च्या संहितेनं ते उलटं केलं, फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहा. १९८० च्या बच्चन सिंग निकालानं 'दुर्मिळातलं दुर्मीळ' ही कसोटी घातली. २०१५ मध्ये विधी आयोगानं दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सगळीकडे फाशी रद्द करा, अशी शिफारस केली. ती अजून कागदावरच आहे.

धाक, खर्च आणि मनाची आग

धाक बसतो का? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २०१२ मध्ये तिथले सगळे अभ्यास तपासून सांगितलं की, फाशीमुळे खून घटतात की वाढतात हे त्यांतून काहीच ठरत नाही. कॅनडानं १९७६ मध्ये फाशी रद्द केली. तेव्हा एक लाख लोकांमागे तीनच्या आसपास असलेलं खुनांचं प्रमाण वीसेक वर्षांत दोनच्या खाली आलं. फाशी काढली म्हणून ते घटलं असं मी म्हणणार नाही, पण काढल्यानं आभाळ कोसळलं नाही. धाक बसतो तो पकडलं जाण्याच्या खात्रीचा. इटलीचा विचारवंत बेकारिया हे १७६४ मध्येच सांगून गेला.

'फुकट पोसायचं कशाला' या मुद्द्याला मी कागदावर जागाच दिली नाही. भाकरीच्या हिशेबानं माणसाचा जीव ठरत नाही.

राहिली मनाची आग, आणि तिला मी हलकं मानत नाही. कोपर्डीनंतर २०१६ मध्ये सातारा-सांगलीचे रस्ते भरून लोक मूकपणे चालले, त्यात मीही होतो. काही कृत्यं अशी असतात की त्यांची किंमत समाजानं शेवटच्या शब्दात सांगावी असं वाटतं, आणि फाशी हा तो शेवटचा शब्द आहे. डाव्या बाजूची ही एकच गोष्ट अशी, जिच्यासमोर उजवीकडे लिहायला माझ्याकडे तेवढंच वजनदार काही नव्हतं. मामांनी विचारलं, "तुमची भाची असती तर?" मी म्हणालो, तर मीही फाशीच मागितली असती, आणि म्हणूनच न्यायाधीश आपल्या नात्यातला नसतो.

निवेदनात काय लिहावं

मी असतो तर फाशीची ओळ काढली असती. त्या जागी लिहिलं असतं: आरोप सिद्ध झाल्यास मरेपर्यंत, सूट न देता कैद व्हावी यासाठी सरकारनं उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा करावा. मग खऱ्या कामाच्या मागण्या. विशेष सरकारी वकील नेमा. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत आणा. साक्षीदारांना संरक्षण द्या. निवेदनानं न्यायाधीश बांधला जात नाही, पण प्रशासन हलू शकतं, आणि खटले पडतात ते बहुतेक वेळा फितूर साक्षीदार आणि ढिसाळ पंचनामे यांमुळेच. सरकारी वकिलाच्या मदतीला कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो, आरोपी सुटला तर अपीलही करता येतं. हे किती घरांना माहीत असतं?

मामांनी माझं पेन घेतलं. फाशीच्या ओळीच्या आधी, समासात, सावकाश अक्षरात 'आरोप सिद्ध झाल्यास' लिहिलं. फाशी हा शब्द खोडला नाही. पेन थोडा वेळ त्याच्यावर धरून ठेवलं, मग टोपण लावून मला परत दिलं. रेघ मारलेला फुलस्केप कागद निवेदनासोबत घडी करून पिशवीत ठेवला.

"ताईला वाचून दाखवतो आधी," ते म्हणाले. "सही तिच्यानंतर."

साडेपाचची कोरेगाव गाडी गाठायची म्हणून ते चहा न घेताच निघाले.