मुलांची मोजमाप पेटी: घ्यावी अशी, फक्त पट्टी बदलावी

पहिली-दुसरीतल्या मुलांसाठीच्या या पेटीत एकसारखे लाकडी ठोकळे, दोन पारड्यांचा तराजू, मापाचे पेले, कापडी टेप आणि 15 सेंटीमीटरची पट्टी आहे. मुलीने आणि मी एकच टेबल आपापल्या वितीने मोजले. दोघींची उत्तरे जुळेनात, तेव्हा सर्वांना सारखे लागू पडेल असे माप का हवे, हे तिला न सांगताच उमगले आणि मग ठोकळे मध्ये फट न ठेवता ओळीने लावण्यात ती रमून गेली. टेपच्या एका बाजूला सेंटीमीटर व दुसऱ्या बाजूला इंच असल्याने, एकक लहान असेल तर आकडा मोठा येतो, हेही तिथल्या तिथे दाखवता येते.

पट्टी मात्र मला अजिबात पसंत नाही. तिच्यावरचे शून्य कडेपासून थोडे आत आहे. मुले साहजिकच कडेपासून मोजतात, त्यामुळे पेन्सिल दर वेळी कमी भरते. पेले पातळ असले तरी मिलिलिटरच्या खुणा ठळक आहेत. घरात जुने मापटे आणि शेर असतील तर तेही जोडीला द्यावेत, कारण दोन मापटी तांदळांनी शेर भरतो, हे मुलांना स्वतः ओतून पाहता येते.