नॅब-पॅक्लिटॅक्सेल : स्तनाच्या कर्करोगावरील नॅनोकणांच्या औषधाचा अनुभव

साध्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या वेळी आईच्या अंगावर पुरळ उठून तिला धाप लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिला त्याचेच नवे रूप, नॅब-पॅक्लिटॅक्सेल, सुरू केले. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून जुन्या औषधात ते एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोर या द्रावकात मिसळलेले असते, आणि ॲलर्जीची मोठी भीती असते ती या द्रावकाचीच. नव्या औषधात तो नाही. औषध मानवी अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेल्या, सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांतून जाते. दर तीन आठवड्यांच्या पद्धतीत जुन्या औषधाला तीन तास लागतात, याला अर्धा तास पुरतो. त्याहून मोलाचे म्हणजे ॲलर्जी टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड, ज्याने साखर वाढते, देण्याची सहसा गरज पडत नाही, त्यामुळे मधुमेही आईची साखर केमोनंतर पूर्वीसारखी भडकली नाही.

अमेरिकेत २००५ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती आधारलेली होती, तिच्यात या औषधाने ३३ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आटल्या, तर जुन्या औषधाने १९ टक्क्यांच्या. पण मज्जातंतूंचा तीव्र त्रास १० टक्क्यांना झाला, जुन्या औषधाने २ टक्क्यांना. आईच्या बोटांना इतका बधिरपणा आला की तिला ब्लाउजचे हुक लावता येईनात. केसही गेलेच. शिवाय २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दर आठवड्याला दिलेले हे औषध साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा सरस ठरले नाही आणि त्याचे दुष्परिणामही अधिक दिसले. म्हणून ‘नॅनो’ म्हणजे सर्वांसाठी उत्तम, असे मी म्हणणार नाही.

जिवाणूंनी घडवलेल्या नॅनोकणांच्या बातम्या नातेवाईक मोठ्या आशेने पाठवतात. त्यांतील मॅग्नेटोसोम मलाही आशादायक वाटतात : चुंबकीय जिवाणू हे लोह-ऑक्साइडचे कण आपल्या पेशीत तयार करतात, आणि २०११ मधील एका प्रयोगात ते उंदरांमध्ये वाढवलेल्या मानवी स्तन-कर्करोगाच्या गाठींत टोचून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवल्यावर काही गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. पण ती गोष्ट उंदरांची आहे. तिच्या भरवशावर कोणीही चालू केमो थांबवू नये.

ज्यांना द्रावकाची ॲलर्जी आहे किंवा स्टेरॉइड सोसत नाही, त्यांनी डॉक्टरांकडे या औषधाची चौकशी जरूर करावी. भारतात ते अनेक कंपन्यांचे मिळते आणि छापील किंमत व प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत मोठी तफावत असू शकते. आम्ही पहिल्या वेळी छापील किंमतच मोजली, पुढच्या वेळी नुसते विचारल्यावर त्याच औषधाचे बिल बरेच कमी झाले.