धूरफवारणी की पावसाआधीची सफाई?

डेंग्यूविरुद्ध पंचायतीने पैसा कुठे लावावा, हा प्रश्न गोव्याच्या डिचोली-पेडण्यातल्या ग्रामसभांनी मे महिन्यातच विचारायला हवा. धूरफवारणी डोळ्यांना दिसते. तिन्हीसांजेला वाड्यावर धूर पसरला की लोकांना दिलासा मिळतो, आणि साथ भडकलेली असताना ती करावीही लागते. पण तो धूर उडणाऱ्या डासांनाच मारतो. परसातल्या करवंटीत, जुन्या टायरात किंवा उघड्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या तशाच राहतात आणि थोड्याच दिवसांत त्यांचे डास होतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तर कोरड्या जागीही कित्येक महिने तग धरतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी लागताच फुटतात.

म्हणूनच घरोघर फिरून साठलेले पाणी ओतणे, कचरा वेळेवर उचलणे आणि नळाचे पाणी नियमित देणे यांवरचा खर्च मला कितीतरी मोलाचा वाटतो, कारण नळाला रोज पाणी आले तर पिंपे भरून ठेवावी लागत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील 60 टक्के वाटा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता.