स्लायडर रिव्होल्यूशन: दिसायला एक नंबर, पण थीमसोबत फुकट आलं असेल तर आधी व्हर्जन बघा

वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये फिरते फोटो दाखवायला जोडायचं हे प्लगिन, क्लायंटच्या साइट्सवर भरपूर वापरलंय म्हणून लिहितोय. चांगलं आधी सांगतो, ॲनिमेशनच्या बाबतीत वर्डप्रेसमध्ये याच्या तोडीचं मला तरी दुसरं काही सापडलं नाही, लेयर ओढा, टाइमलाइनवर सरकवा, दोनशेच्या वर तयार टेम्पलेट आहेत, आणि रिसॉर्टवाल्याला होमपेजवर फोटो झुळकन सरकताना दिसले की स्वारी खूश, बिल लगेच पास. जड आहे हे मात्र खरं, साध्या मोबाइलवर पेज रखडतं. आणि तीन फोटो फिरवायला एवढं अवजड प्लगिन कशाला हा प्रश्न क्लायंटला विचारून बघा, उत्तर येत नाही.

पण स्टार मी कापलेत ते सिक्युरिटीच्या इतिहासासाठी. २०१४ चं प्रकरण नवीन पोरांना माहीतच नसतं. स्लायडरमधला फोटो दाखवायला ॲडमिन-अजॅक्सकडे (वर्डप्रेसची, पेजच्या मागून येणाऱ्या मागण्या घेणारी फाइल) एक रिक्वेस्ट जायची, त्यात फोटोचं नाव असायचं, आणि आलेलं नाव खरंच फोटोचं आहे का हे प्लगिन तपासतच नव्हतं! मग काय, फोटोच्या जागी दोन टिंबं, स्लॅश (म्हणजे एक फोल्डर वर) आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी, म्हणजे साइटच्या सेटिंगची फाइल, लिहायचं, लॉगिन नको की काही नको, साध्या ब्राउझरमध्ये अख्खी फाइल डाउनलोड. त्या फाइलीत डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, वर लॉगिन सांभाळणाऱ्या सिक्युरिटी कीज. डेटाबेस बाहेरून उघडा नसतो म्हणून वाचलो असं काहीजण म्हणतात, पण तोच पासवर्ड सीपॅनेललाही (होस्टिंगचा कंट्रोल पॅनेल) ठेवणारे कमी आहेत का?

याला बरेचजण फाइल इन्क्लूजन म्हणतात, पण काटेकोर बोलायचं तर हे फाइल वाचणं झालं. खरं फाइल इन्क्लूजन त्याच्या पुढचं, तिथे बाहेरून आलेलं नाव थेट पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) इन्क्लूड या कमांडला जातं आणि त्या फाइलीतला कोड सर्व्हरवर चालतो, म्हणजे हल्लेखोराने सर्व्हरच्या लॉगमध्ये (आलेल्या रिक्वेस्टची नोंदवही) स्वतःचा दोन ओळींचा कोड आधीच पेरला असेल तर तोही चालतो. इसेन्शियल ॲडऑन्स फॉर एलिमेंटर या दुसऱ्या प्लगिनमध्ये जानेवारी २०२२ ला हेच निघालं होतं, दहा लाखांवर साइट्सवर असलेलं प्लगिन, आणि ५.०.३, ५.०.४ असे दोन अपडेट अपुरे पडून ५.०.५ मध्ये एकदाचं नीट बुजवलं. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच, बाहेरून आलेल्या नावावर डोळे झाकून विश्वास.

आता गंमत म्हणजे स्लायडरवाल्यांनी भोक फेब्रुवारी २०१४ मध्येच ४.२ व्हर्जनमध्ये गुपचूप बुजवलं होतं. मग डिसेंबरमध्ये सोकसोक मालवेअरने लाखाच्या वर साइट्स कशा खाल्ल्या, गुगलने ११ हजारांवर डोमेन ब्लॅकलिस्ट का केली? कारण हे प्लगिन थीमच्या (साइटचं तयार डिझाइन) पोटात भरून विकलं जात होतं. विकत घेतली थीम, लायसन्स थीमचं, स्लायडरचा अपडेट तुमच्या डॅशबोर्डवर येणारच नाही, थीमवाला नवीन झिप देईल तेव्हा देईल. कित्येक मालकांना आपल्याकडे हे प्लगिन आहे हेच ठाऊक नव्हतं. पनामा पेपर्समध्ये जिची कागदपत्रं फुटली त्या मोसॅक फॉन्सेका या लॉ फर्मच्या साइटवरही याचं जुनंपुराणं व्हर्जन होतं, हॅकर तिथूनच घुसला असावा असा अंदाज वर्डप्रेस सिक्युरिटीवाल्या वर्डफेन्सने २०१६ मध्ये मांडला होता, सिद्ध असं काही झालं नाही.

आणि हे सगळं जुनं म्हणून सोडून द्यायचं तर ऑगस्ट २०२५ मध्ये परत तसंच. ६.७.३६ पर्यंतच्या व्हर्जनमध्ये काँट्रिब्युटर लॉगिन (फक्त लेख लिहून ठेवता येतो, प्रसिद्ध करता येत नाही) असलेला कुणीही सर्व्हरवरच्या फाइली वाचू शकत होता, ६.७.३७ मध्ये दुरुस्त केलंय. यावेळी लॉगिन लागतं आणि अपडेटही पटकन आला, त्याचे मार्क द्यायलाच हवेत.

तर माझं मत, घ्यायचंच तर स्वतःचं लायसन्स घ्या, थीमसोबत आलेल्यावर राहू नका, आणि टेलिग्रामवरच्या नल्ड (लायसन्स तोडून फुकट वाटलेल्या) कॉपीचं तर नावच काढू नका. थीमसोबत आलंच असेल तर प्लगिन्सच्या फोल्डरमध्ये रेवस्लायडर (याच प्लगिनचं फोल्डर) शोधा, व्हर्जन बघा, वापरात नसेल तर डीॲक्टिव्हेट करून थांबू नका, डिलीट मारा. जुनी साइट ताब्यात आली असेल तर ॲक्सेस लॉगमध्ये ‘रेवस्लायडर शो इमेज’वाल्या रिक्वेस्ट शोधा, बॉट अजूनही ठोकत असतात, उत्तरात ४०४ (सापडलं नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) दिसलं तर चहा प्या. २०० (रिक्वेस्ट पार पडली) दिसलं आणि व्हर्जन जुनं असेल तर डेटाबेसचा पासवर्ड आणि कॉन्फिगमधल्या कीज दोन्ही बदला, सगळे लॉगआउट होतील, होऊ देत.

दिसण्याला पाच, वेगाला अडीच, स्वतःच्या लायसन्सवर सिक्युरिटीला साडेतीन, थीमसोबतच्या फुकट कॉपीला एक. आणि दोन वर्षांपूर्वी ब्लॉग लिहायला ठेवलेल्या इंटर्नचं काँट्रिब्युटर लॉगिन अजून चालू असेल तर ते आजच काढा.