ओआरएसची पुडी: फॉरेन ट्रिपच्या बॅगेतली सगळ्यात वसूल वस्तू (5 पैकी साडेचार स्टार)

केमिस्टकडे वीस-पंचवीस रुपयांना मिळणाऱ्या पुडीचा कसला रिव्ह्यू असं वाटेल, पण इजिप्तला जाताना नेक पिलो, पैशांचं पाऊच, कुठल्याही देशात चालणारं अ‍ॅडॅप्टर असं बरंच काय काय घेतलं होतं, त्यात पैसे वसूल झाले ते हिचेच.

ऑनलाइन बघितलं तर कितीतरी जणांनी एक स्टार दिलाय, का तर म्हणे "घेतलं तरी जुलाब थांबले नाहीत". अहो, ते जुलाब थांबवायचं औषध नाहीच्चे. शरीरातून जे पाणी आणि क्षार जातायत ते भरून काढायचे एवढंच त्याचं काम. ग्लुकोज आतड्यातून आत शिरताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं, पोट बिघडलेलं असलं तरी हा रस्ता चालू राहतो, सगळी गंमत त्यात आहे. म्हणून प्रमाणाला महत्त्व. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं, घेताना पाकिटाच्या मागे हे बघूनच घ्या. ते टेट्रापॅकमधले गोड गोड प्रकार वेगळे, त्यातल्या जास्तीच्या साखरेने आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या ड्रिंकच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली, फार आधीच करायला हवी होती.

तर लक्सरला नवरोबांचं पोट बिघडलं. कैरोत रस्त्यावर उसाचा रस दिसला, तिकडे त्याला असब म्हणतात, मग काय, मराठी माणूस थांबतोय होय! अर्थात त्यानेच झालं की बुफेतल्या कच्च्या सॅलडने ते देव जाणे. रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, तोंड सुकलेलं, आणि मी पुडी काढली तर म्हणे एवढ्याशा पावडरीने काय होणार. मग त्याला सुनावलं, 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी ड्रममधून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण साधारण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आणलं, तू कोण लागून गेलास! प्यायला मुकाट्याने. घटाघट नाही हं, घोट घोट, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्याने.

आता अर्धा स्टार का कापला ते सांगते. मोठी पुडी एक लिटरची आणि तिकडे रूममध्ये बाटली दीड लिटरची, मग अर्धा लिटर आधी दुसऱ्या बाटलीत काढा, आणि हे सगळं पहाटे तीन वाजता झोपेत. अंदाजपंचे करू नका, पाणी जास्त झालं तर उपयोग कमी आणि कमी झालं तर मीठ जास्त होतं, लहान मुलांना तर ते धोक्याचंच. त्यापेक्षा 200 मिलीवाल्या छोट्या पुड्या घ्या, एक पुडी एक ग्लास, विषय संपला. कालवलेलं 24 तासांनंतर ओतून द्यायचं. आणि चव... कोमट पाण्यात तर अगदीच खारट-गोड काहीतरी, पण त्यात साखर किंवा ज्यूस घालून "सुधारू" नका.

बाकीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. तिकडच्या गाइडच्या खिशात अँटिनाल नावाची जुलाबावरची गोळी असतेच, कोणाचं पोट बिघडलं की लगेच पुढे करतात, आम्ही आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, मात्र बॅगेत असावी, असवानहून अबू सिंबेल बसने तीन-साडेतीन तास आणि दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट, तिथे कळ आली तर करणार काय! पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती अजिबात घ्यायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. अँटिबायोटिकही स्वतःच्या मनाने नको.

आणि मुळात पोट बिघडू नये म्हणून दात घासायलासुद्धा बाटलीचंच पाणी, बर्फ नको, समोर गरम गरम केलेलं खायचं, फळ स्वतः सोलून. सॅनिटायझरवर फार विसंबू नका, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही, साबणच लागतो.

सासूबाईंना शुगर आहे म्हणून त्या घाबरत होत्या, पण लिटरला 13.5 ग्रॅम म्हणजे कोल्ड्रिंकच्या मानाने काहीच नाही, त्यात शंभराच्या वर असते. तरी किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर निघायच्या आधी विचारून ठेवा. पुड्या हँडबॅगेतच ठेवायच्या, विमानातही लागू शकतात. आणि लिंबू फ्लेवर घ्या, ऑरेंज नको.